सायकल हेल्मेट: महाग घ्यावं की स्वस्त? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच दुकानात बाराशेचं हेल्मेट मिळतं आणि बारा हजारांचंही. घालणाऱ्याच्या डोक्याला यात नेमका किती फरक पडतो, याबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. किमती अंदाजे आहेत. दुकान आणि सवलतीप्रमाणे त्या बदलतात. घाईत असाल तर प्रश्न १, ६ आणि १२ तेवढे तरी वाचा.

१. महागडं हेल्मेट डोकं जास्त वाचवतं का? सरळ उत्तर द्या.

नाही. दोन्ही हेल्मेटं एकाच मानकाची चाचणी खरोखर पास झालेली असतील, तर आपटण्यापासून मिळणारं संरक्षण जवळजवळ सारखंच असतं. अमेरिकेतल्या बायसिकल हेल्मेट सेफ्टी इन्स्टिट्यूटने २० डॉलरच्या आतली तीन आणि १५० डॉलरच्या वरची तीन हेल्मेटं प्रयोगशाळेत आपटून घेतली, तेव्हा दोन्ही गटांचे आकडे जवळपास सारखेच आले.

खरा फरक पडतो तो चाचणी झालेल्या आणि न झालेल्या हेल्मेटमध्ये, आणि नीट बसलेल्या व मागे सरकलेल्या हेल्मेटमध्ये. बारा हजारांचं हेल्मेट कपाळ उघडं टाकून घातलं असेल, तर नीट बसलेलं बाराशेचं केव्हाही चांगलं. थोडे जास्त पैसे कारणी लागतात अशी एकच बाब आहे, ती प्रश्न ९ मध्ये.

२. मग वरचे दहा हजार कशाचे घेतात?

वजन, हवा आणि आराम यांचे. साधं हेल्मेट ३०० ते ४०० ग्रॅमचं असतं, शर्यतीचं २०० ते २५० च्या आसपास. पाच तास मान वाकवून बसलं की हे शंभर ग्रॅम जाणवतात.

हवेचा हिशोब जरा वेगळा आहे. भोकं मोठी केली की डोकं गार राहतं, पण आपटल्यावर चेपायला फोमच कमी उरतो. म्हणून उरलेल्या पट्ट्यांत फोम जास्त घट्ट भरावा लागतो आणि तो तुटू नये म्हणून आत नायलॉनचा किंवा तशाच मजबूत धाग्यांचा सांगाडा ओतावा लागतो. हे काम खर्चिक आहे, आणि एवढा खर्च करून हेल्मेट पास होतं ते त्याच चाचणीत, ज्यात बारीक भोकांचं बाराशेचंही पास झालेलं असतं.

स्वस्त हेल्मेटात वरचं प्लास्टिकचं कवच बहुधा वेगळं बनवून फोमवर चिकटवतात आणि कडेला टेप मारतात. महागात पॉलिकार्बोनेटचं कवच साच्यातच ठेवून त्यात वाफेने फोम फुलवतात, त्यामुळे दोन्ही एकजीव होतात आणि टेप निघण्याचा प्रश्न येत नाही. हल्ली मध्यम किमतीतही असं हेल्मेट मिळतं. बाकी पैसे चांगल्या पॅड्सचे, मागून घेर आवळणाऱ्या बारीक दातांच्या डायलचे, चुंबकी बक्कलचे, रंगाचे आणि नावाचे. मे महिन्यात कोकणात चार तास सायकल मारणाऱ्याचे हे पैसे वसूल होतात. रोज पाच किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्याचे होत नाहीत.

३. आत तर नुसता थर्माकोल दिसतो. त्याने डोकं कसं वाचणार?

थर्माकोलच वाचवतो, वरचं प्लास्टिक नाही. हा ईपीएस फोम पॅकिंगच्या थर्माकोलपेक्षा बराच घट्ट असतो. डोकं आपटलं की तो चेपतो, त्याचे दाणे फुटतात आणि डोकं एका क्षणात थांबण्याऐवजी दीड-दोन सेंटिमीटर अंतरात थांबतं. सगळा खेळ या अंतराचा आहे.

आकड्यांत पाहा. डोकं दीड मीटरवरून थेट रस्त्यावर आलं आणि तीन मिलिमीटरमध्ये थांबलं, तर त्याला सरासरी ५०० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ५०० पट झटका बसतो. तेच डोकं वीस मिलिमीटर फोम चेपत थांबलं, तर सरासरी ७५ जी. कमाल झटका सरासरीच्या वर जातो, पण तरी तो कवटी फुटण्याच्या आणि मेंदूला गंभीर मार बसण्याच्या पातळीपेक्षा बहुतेक वेळा बराच खाली राहतो.

वरच्या कवचाचं काम फोम तुटून विखुरू न देणं आणि डांबरावर डोकं अडकू न देता घसरू देणं. म्हणून बाहेरून गोल आणि गुळगुळीत असलेलं हेल्मेट उत्तम. आतले मऊ पॅड फक्त आरामासाठी आहेत, त्यांचा संरक्षणात काही वाटा नाही.

४. चाचणीत नेमकं काय करतात?

धातूच्या डोक्यावर हेल्मेट घालून ते ठरलेल्या वेगाने लोखंडी ऐरणीवर सोडतात आणि आतल्या मापकावर झटका नोंदवतात. युरोपच्या ईएन १०७८ मानकात सपाट ऐरणीवर ५.४२ मीटर प्रति सेकंद वेग असतो, म्हणजे सुमारे दीड मीटर उंची. फुटपाथच्या कडेसारख्या धारेवर ४.५७ मीटर प्रति सेकंद. झटका २५० जीच्या वर जाता कामा नये. अमेरिकेच्या सीपीएससी या ग्राहक-सुरक्षा संस्थेच्या मानकात सपाट ऐरणीवर २ मीटरवरून, गोल ऐरणीवर आणि धारेवर १.२ मीटरवरून सोडतात, आणि मर्यादा ३०० जी. अमेरिकेत १० मार्च १९९९ पासून बनलेल्या प्रत्येक सायकल हेल्मेटला हे मानक सक्तीचं आहे.

हेल्मेटं आधी तापवून, गोठवून आणि भिजवूनही आपटतात. पट्टा झटक्याने ताणून किती लांबतो आणि हेल्मेट मागून ओढल्यावर डोक्यावरून निघून येतं का, हेही तपासतात. या शेवटच्या दोन गोष्टींकडे खरेदी करताना कोणाचंच लक्ष जात नाही, आणि स्वस्त नकली हेल्मेटं बहुतेक वेळा तिथेच मार खातात.

५. म्हणजे चाचणी ताशी वीस किलोमीटरची. मी घाटात पन्नासने उतरतो, मग हेल्मेटचा उपयोग काय?

चाचणीतला वेग हा डोकं जमिनीकडे येण्याचा वेग आहे, सायकलचा नाही. खडीवरून चाक घसरून पडलात तर सायकल पन्नासने जात असली तरी डोकं खाली येतं ते साधारण दीड-पावणेदोन मीटरवरूनच. पुढे जाण्याचा वेग बराचसा घसरण्यात खर्च होतो. तिथे हेल्मेट आपलं काम करतं.

समोरच्या गाडीवर, कठड्यावर किंवा खांबावर डोकं थेट आदळलं तर गोष्ट वेगळी. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, आणि तेवढी शोषायला अडीच सेंटिमीटर फोम पुरत नाही. तिथे बाराशेचंही कमी पडतं आणि पंचवीस हजारांचंही. घाटात वेग आवरण्याला पर्याय नाही.

तरीही प्रत्यक्ष अपघातांचा हिशोब हेल्मेटच्या बाजूचा आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात ४० अभ्यास आणि ६४ हजारांहून जास्त जखमी सायकलस्वारांची माहिती एकत्र केली होती. हेल्मेट घातलेल्यांत डोक्याला गंभीर इजा होण्याची शक्यता ६९ टक्क्यांनी कमी आढळली. ही सगळी लोक रोज वापरतात ती सर्वसाधारण हेल्मेटं होती, निवडून घेतलेली महागडी नव्हेत.

६. विकत घेताना कोणता शिक्का बघायचा? सायकलच्या हेल्मेटवर आयएसआय दिसत नाही.

आपल्याकडे आयएसआयचा जो शिक्का सगळ्यांच्या ओळखीचा आहे तो आयएस ४१५१ चा, आणि तो मोटरसायकल-स्कूटरच्या हेल्मेटसाठी आहे. सायकलच्या हेल्मेटमध्ये आतल्या बाजूला ईएन १०७८ किंवा सीपीएससी १२०३ लिहिलेलं लेबल शोधा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं एएस/एनझेडएस २०६३ असेल तरी उत्तम.

नुसतं सीई (युरोपच्या नियमांत बसतं असं सांगणारी खूण) छापलेलं आणि खाली मानकाचा आकडा नाही, असं हेल्मेट घेऊ नका. खऱ्या लेबलवर बनवणाऱ्याचं नाव, मॉडेल, डोक्याच्या घेराचं माप सेंटिमीटरमध्ये, वजन आणि निर्मितीचा महिना-वर्ष असतं. यातलं निम्मं गायब असेल तर हेल्मेट परत फळीवर ठेवा. लेबल छापणं सोपं आहे, त्यामुळे ते कोणाकडून घेता हेही तितकंच महत्त्वाचं (प्रश्न ११).

७. घरी मोटरसायकलचं चांगलं आयएसआय हेल्मेट पडून आहे. तेच सायकलवर घातलं तर?

आठवडी बाजारापर्यंत जाऊन येण्यापुरतं चालेल, काहीच न घालण्यापेक्षा नक्कीच बरं. पण ते किलो-सव्वा किलोचं असतं, हवा जवळजवळ बंद आणि कानही झाकलेले. मागून येणारी गाडी नीट ऐकू येत नाही. पाय मारताना घाम निघतो, काच धुरकट होते, आणि दहा मिनिटांत ते हँडलला अडकवून पुढचा रस्ता उघड्या डोक्याने कापला जातो. जे डोक्यावर राहील तेच घ्यावं.

उलटं मात्र कधीच करू नका. सायकलचं हेल्मेट घालून स्कूटर चालवणं धोक्याचं आहे आणि कायद्यातही बसत नाही.

८. सगळीच हेल्मेटं पास म्हणता, मग पास झालेल्यांमध्ये काहीच डावं-उजवं नसतं का?

असतं, पण ते किमतीवरून ओळखता येत नाही. मानकाची चाचणी पास-नापास एवढंच सांगते. अमेरिकेतलं व्हर्जिनिया टेक विद्यापीठ २०१८ पासून सायकल हेल्मेटांना तारे देतं. डोक्याच्या सहा जागांवर, दोन वेगवेगळ्या वेगांनी, तिरप्या ऐरणीवर आपटून झटका आणि डोकं किती गरकन फिरतं हे दोन्ही मोजतात. गुण जितके कमी तितकं हेल्मेट चांगलं, आणि पाच तारे म्हणजे सर्वांत वरचा गट. यादी फुकट बघता येते. त्यात ५० डॉलरच्या आसपासच्या स्पेशलाइज्ड अलाइन २ ला पाच तारे मिळाले होते, आणि त्याच्या कित्येक पट महाग काही हेल्मेटं त्याच्या खाली होती. स्वीडनची फोल्कसाम ही विमा कंपनीही अशा चाचण्या घेते.

यादी वापरताना एक काळजी घ्या. एकाच नावाचं हेल्मेट युरोपसाठी एका घडणीचं आणि अमेरिकेसाठी दुसऱ्या घडणीचं असू शकतं, आणि मिप्ससह (आत सरकणारी जाळी, प्रश्न ९) व मिप्सशिवाय असे दोन प्रकार तर सर्रास असतात. नावाबरोबर लेबलही जुळवून बघा.

९. मिप्सवालं घ्यायला दुकानदार सांगतो. खरंच फायदा आहे की विक्रीची युक्ती?

तत्त्व खरं आहे. सायकलवरून पडताना डोकं सरळ वरून खाली क्वचितच आपटतं. ते तिरकं आपटतं आणि गरकन फिरतं. मेंदूला हे फिरणं सरळ झटक्यापेक्षा जास्त झोंबतं. स्टॉकहोमच्या केटीएच संस्थेतल्या संशोधनातून आलेल्या मिप्समध्ये फोमच्या आत पातळ प्लास्टिकची जाळी रबरी खुंट्यांवर बसवलेली असते. आपटताना ती १० ते १५ मिलिमीटर सरकते आणि फिरण्याचा काही भाग डोक्यापर्यंत येऊ देत नाही. बाँट्रेगर आणि इतर कंपन्यांच्याही अशाच हेतूने केलेल्या वेगळ्या रचना आहेत.

प्रयोगशाळेत फिरण्याचा वेग कमी होतो हे दिसलेलं आहे, पण किती कमी होतो हे हेल्मेटगणिक बदलतं. मिप्सशिवाय चांगले गुण मिळवणारी हेल्मेटं आहेत आणि मिप्स असून मध्यम गुणांचीही. आमचं मत असं: साध्या हेल्मेटपेक्षा दीड-दोन हजार जास्त देऊन मिप्स किंवा तशी दुसरी रचना मिळत असेल तर जरूर घ्या. महागड्या हेल्मेटवर खर्च करण्याचं सुरक्षेच्या दृष्टीने पटण्यासारखं कारण हे एवढंच आहे. पण ती जाळी बसवल्यामुळे तुमच्या डोक्याला माप नीट बसत नसेल, तर मिप्स सोडा आणि बसणारं घ्या. जाळी हाताने हलवून बघा: ती सगळीकडे थोडी सरकली पाहिजे, कुठे अडकता कामा नये.

१०. रस्त्यावर चार-पाचशेला मिळतात ती कशी असतात? "स्वस्त" म्हणजे तुम्ही नेमकं कोणतं म्हणता?

आम्ही स्वस्त म्हणतो ते नावाजलेल्या कंपनीचं, मानकाचा आकडा असलेलं, साधारण हजार ते दोन हजारांतलं. चार-पाचशेला मिळणाऱ्यांत कधी कधी खरं हेल्मेट असतं, पण बऱ्याचदा ते हेल्मेटसारखं दिसणारं खेळणं असतं.

ओळखायचं असं. पॅड काढून फोमवर नखाने हलकेच दाबा. हेल्मेटचा फोम टणक लागतो, नख सहज रुतत नाही. पॅकिंगच्या थर्माकोलसारखा खळगा पडला तर ते सोडा. फोमची जाडी कपाळावर, माथ्यावर आणि मागे बघा. दोन-अडीच सेंटिमीटर हवी. नुसतं कडक प्लास्टिक आणि आत सेंटिमीटरभर स्पंज असेल तर ती स्केटिंगची शोभेची टोपी आहे. पट्टे फोमच्या आरपार जाऊन वर अडकवलेले किंवा फोममध्येच पक्के बसवलेले हवेत, नुसते गोंदाने चिकटवलेले नकोत. बक्कल लावून दोन्ही हातांनी जोरात ओढा: पट्टा बक्कलमधून सरकला तर पडताना हेल्मेट डोक्यावर राहणार नाही.

११. पंधरा हजारांचं मॉडेल ऑनलाइन अडीच हजारांत दिसतंय. घेऊ का?

नको. नामांकित हेल्मेटांच्या हुबेहूब नकला मिळतात, आणि त्या खऱ्या स्वस्त हेल्मेटपेक्षा जास्त धोकादायक असतात. प्रश्न २ मध्ये सांगितलेला आतला सांगाडा बाहेरून दिसत नाही, म्हणून नक्कल करणारा तोच गाळतो. मोठमोठी भोकं, बारीक पट्ट्या आणि आत काहीच नाही, असं हेल्मेट आपटल्यावर उभं फुटून दोन तुकडे होतं. बाराशेच्या हेल्मेटात भोकंच कमी असल्यामुळे फोम स्वतःच मजबूत असतो. अडीच हजार खर्चायचे असतील तर मुळात अडीच हजारांचंच हेल्मेट अधिकृत दुकानातून किंवा कंपनीच्या स्वतःच्या विक्रीपानावरून घ्या.

१२. माप कसं घ्यायचं आणि हेल्मेट बरोबर बसलंय हे कसं ओळखायचं?

शिंप्याची टेप भुवयांच्या वर साधारण दोन सेंटिमीटरवर धरून डोक्याच्या मागच्या फुगीर भागावरून फिरवा. बहुतेक कंपन्यांत ५१ ते ५५ सेंटिमीटर स्मॉल, ५५ ते ५९ मीडियम आणि त्यापुढे लार्ज असतं, पण प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा, तो बघाच. मोजमाप सीमेवर आलं तर दोन्ही घालून बघा.

मग या क्रमाने:

पहिलं, डायल पूर्ण सैल करून हेल्मेट आडवं, जमिनीला समांतर ठेवा. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटांच्या आत आली पाहिजे. नजर वर केली की कड दिसली पाहिजे.

दुसरं, पट्टा न लावता डायल आवळा आणि खाली वाकून डोकं हलवा. हेल्मेट जागेवर राहिलं तर माप बरोबर. डायल शेवटच्या दातापर्यंत आवळावी लागत असेल तर हेल्मेट मोठं आहे.

तिसरं, कानाखाली पुढचा आणि मागचा पट्टा जिथे जुळतात ती क्लिप कानाच्या पाळीच्या किंचित खाली आणा. दोन्ही पट्टे ताठ हवेत. बहुतेकांचा मागचा पट्टा ढिला असतो, आणि त्यामुळेच हेल्मेट पुढे-मागे डुलतं.

चौथं, बक्कल लावून हनुवटीखाली एक बोट जेमतेम जाईल इतका पट्टा आवळा. जांभई द्यायला तोंड मोठं उघडलं की हेल्मेट डोक्यावर दाबल्यासारखं वाटलं पाहिजे.

शेवटी तळव्याने पुढची कड वर आणि मागे ढकला. कपाळ उघडं पडलं तर तिसऱ्या पायरीपासून पुन्हा. पडताना कपाळ आणि कानशील हेच सर्वांत जास्त आपटतात, आणि मागे सरकलेलं हेल्मेट तेच उघडं टाकतं.

स्वस्त हेल्मेटात कानाखालच्या क्लिप हळूहळू घसरतात, हा त्यांचा खरा दोष. आठवड्यातून एकदा तपासा. पट्ट्याच्या मोकळ्या टोकावर क्लिपला टेकवून घट्ट रबर रिंग चढवली तर घसरणं बरंच कमी होतं.

१३. माप बरोबर असूनही कपाळ दुखतं आणि बाजूला फट राहते. असं का?

डोक्याचा आकार जुळत नाही. घेर तोच असला तरी कोणाचं डोकं गोल असतं, कोणाचं लांबट. गोल डोक्यावर लांबट हेल्मेट घातलं की कानशिलाला दाबतं आणि पुढे-मागे फट राहते. लांबट डोक्यावर गोल घातलं की कपाळ दुखतं आणि बाजूंना फट राहते. जाड पॅड लावून थोडी फट भरता येते, पण दुखणारी जागा फोम खरवडून मोकळी करू नका, तिथे संरक्षणच कमी होतं. कंपनी बदला. म्हणूनच पहिलं हेल्मेट दुकानात घालून बघून घेणं बरं.

१४. अंबाडा, पोनीटेल, ओढणी, टोपी यांचं काय करायचं?

अंबाडा किंवा उंच पोनीटेल हेल्मेटखाली येता कामा नये. हेल्मेट वर उचललं जातं आणि कपाळ उघडं पडतं. केस मानेवर खाली बांधा किंवा वेणी घाला. डायलखाली मोकळी जागा असलेली हेल्मेटं मिळतात. पातळ सुती स्कार्फ किंवा सायकलिंगची पातळ कॅप चालते, पण ती घालूनच प्रश्न १२ प्रमाणे पट्टे जुळवा. क्रिकेटची जाड टोपी, वर बटण असलेली, बिलकूल नको. केसांच्या कडक क्लिपा आणि क्लचर काढून ठेवा.

१५. मुलासाठी एक माप मोठं घेतलं तर दोन वर्षं पुरेल ना?

पुरणार नाही, कारण तोपर्यंत ते डोक्यावर नीट बसणारच नाही. आजच्या मापाचंच घ्या. डायलमुळे तीन-चार सेंटिमीटर वाढ त्यातच सामावते. मुलांच्या हेल्मेटला महागडं असण्याची काहीच गरज नाही, दोन-तीन वर्षांत ते बदलावंच लागतं. एक वर्षाखालच्या बाळाला हेल्मेट घालून सायकलवर बसवू नये, मानेला ते वजन पेलत नाही.

सायकलवरून उतरलं की मुलाचं हेल्मेट काढा. ही सूचना कृपया हलक्यात घेऊ नका. घसरगुंडी, जाळी किंवा झाडाच्या फांदीत हेल्मेट अडकून पट्ट्याने गळफास लागण्याचा धोका असतो. युरोपात लहान मुलांसाठी ईएन १०८० हे वेगळं मानक याच कारणाने आहे. त्यातलं बक्कल ठराविक ताणाला आपोआप सुटतं.

१६. पडलो, पण हेल्मेटवर नुसता ओरखडा आहे. तरी बदलायचं?

डोकं आपटलं असेल तर बदला. फोम एकदाच चेपतो. चेपल्यावर तो थोडा परत फुगतो आणि वरचं कवच तर पूर्ण पूर्ववत होतं, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. पॅड काढून आत बघा: केसाएवढी चीर, चकचकीत दबलेला भाग, डाव्या-उजव्या बाजूंच्या जाडीत फरक. दोन्ही बाजूंनी हलकं दाबून करकर आवाज येतो का ऐका. पण काहीच सापडलं नाही, याचा अर्थ हेल्मेट चांगलं आहे असा होत नाही. स्वस्त हेल्मेटची बाजू इथे भक्कम आहे: बाराशेचं लोक बदलतात, बारा हजारांचं चिकटवून पुन्हा घालतात.

आपटल्यानंतर मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं वाटणं किंवा क्षणभर शुद्ध गेली असं काहीही असेल, तर हेल्मेटचा विचार नंतर करा, आधी डॉक्टर गाठा.

१७. हातातून फरशीवर पडलं तर?

बहुधा काही होत नाही. ३०० ग्रॅमचं रिकामं हेल्मेट मीटरभर उंचीवरून पडलं तर ऊर्जा ३ ज्यूल. आत पाच किलोचं डोकं असताना दीड मीटरवरून आपटलं तर ७० च्या वर. दगडाच्या किंवा पायरीच्या टोकावर पडलं असेल तर प्रश्न १६ प्रमाणे तपासा.

१८. किती वर्षांनी बदलावं? महाग जास्त टिकतं का?

फोम सारखाच, म्हणून आयुष्यही सारखंच. स्नेल ही हेल्मेटं तपासणारी संस्था पाच वर्षं सांगते, अमेरिकेची सीपीएससी पाच ते दहा. रोज उन्हाघामात वापरणाऱ्याने पाचच्या आसपास बदलावं. त्याआधीही पट्टे विरले, बक्कलचा दात तुटला, डायल सरकायला लागली किंवा कवच फोमपासून सुटलं, तर बदला.

१९. ऊन, पाऊस, घाम आणि खोबरेल तेल यांपासून कसं जपायचं?

सर्वांत घातक म्हणजे उन्हात उभी केलेली बंद गाडी. डॅशबोर्डवर किंवा मागच्या काचेखाली ठेवलेल्या हेल्मेटचा गोंद सुटतो, कवचावर फुगे येतात. फुगा दिसला की हेल्मेट गेलं समजा.

तेलाने आणि घामाने पॅड चिकट होऊन बसतात आणि हेल्मेट सैल होतं. पॅड व्हेल्क्रोवरून काढून कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. हेल्मेट आतून ओल्या फडक्याने पुसा. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर फोमला लागता कामा नये, थर्माकोल विरघळतो. त्याच कारणाने स्प्रेने रंगवू नका. पावसाळ्यात भिजलेलं हेल्मेट बॅगेत कोंबलं तर दोन दिवसांत बुरशी धरते. पंख्याखाली उलटं ठेवा. पॅड्सचा सुटा संच काही कंपन्या विकतात, घेताना विचारून ठेवा.

२०. मित्राचं जुनं महागडं हेल्मेट फुकट मिळतंय.

तो कधी डोक्यावर पडलेला नाही याची त्याला स्वतःला खात्री असेल, लेबलवरचं वर्ष अलीकडचं असेल आणि तुम्हाला ते नीट बसत असेल, तर घ्या. अनोळखी माणसाकडून सेकंडहँड घेऊ नका.

२१. मागे निमुळतं एरो हेल्मेट, वर कॅमेरा, पुढे दिवा: यात धोका आहे का?

लांब शेपूट आणि कडक टोकं रस्त्यात अडकून डोकं फिरवू शकतात. घड्याळी शर्यतीबाहेर (टाइम ट्रायल) तसं हेल्मेट वापरू नका. कॅमेरा किंवा दिवा लावायचाच तर धक्क्याने सुटेल अशा व्हेल्क्रोने लावा, स्क्रूने पक्का करू नका. पुढची झडप (व्हायझर) सहज निघणारी हवी.

२२. इलेक्ट्रिक सायकलसाठी वेगळं लागतं का?

२५० वॅटपर्यंतच्या, ताशी २५ किलोमीटरला मोटर बंद होणाऱ्या सायकलला साधं सायकल हेल्मेट पुरतं. त्याहून वेगवान इ-सायकलसाठी नेदरलँड्समध्ये एनटीए ८७७६ हे मानक केलेलं आहे; त्यात चाचणीचा वेग जास्त आणि कानशील व मागचा भाग जास्त झाकलेला असतो. असं हेल्मेट मिळालं तर वेगवान सायकलवर तेच घ्या. नोंदणी लागणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटरवर मात्र आयएसआयचंच.

२३. बीआरएमला किंवा परदेशात माझं हेल्मेट चालेल का?

बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर कापायच्या सायकल सफरींना, हेल्मेट सक्तीचं आहे, किंमत कोणी विचारत नाही. ऑस्ट्रेलियात सायकलला हेल्मेट कायद्याने लागतं. व्हिक्टोरिया राज्याने ते १९९० मध्येच सुरू केलं. तिकडे शिकायला किंवा नोकरीला जात असाल तर त्या राज्यात कोणतं मानक मान्य आहे ते बघून मगच इथून न्या, नाहीतर तिकडेच घ्या.

२४. एकूण तीन हजार आहेत. सगळे हेल्मेटवर घालू का?

नको. दीड हजारांच्या आसपास लेबल असलेलं, नीट बसणारं हेल्मेट घ्या. उरलेल्यातून यूएसबीवर चार्ज होणारा मागचा लाल दिवा, पुढचा पांढरा दिवा आणि ब्रेकचे नवे रबर बसवा. हे सगळं तुमच्याकडे आधीच चांगलं असेल, तर मात्र सगळे पैसे मिप्सच्या साध्या मॉडेलवर घाला आणि डायल, पट्टे जुळवायला दुकानात पंधरा मिनिटं थांबा.